समेटाचे पान

चहा हे पिण्याचे पेय आहे, असे आपण गृहीत धरून चालतो. मराठीने तर त्याला 'घेणे' हे आणखी सौम्य क्रियापद बहाल केले आहे. 'चहा घेणार ना?' असे विचारायचे आणि पाहुणा 'नको, नको' म्हणत असतानाच चुलीवर आधण ठेवायचे, ही आपली रीत. कप रिकामा झाला की चहाचे काम संपले. गाळणीत उरलेला चोथा गुलाबाच्या कुंडीत जातो आणि त्याचा पुन्हा कोणी विचार करीत नाही. परंतु आपल्या शेजारीच एक देश असा आहे की, जेथे माणसे चहाचे पान आवडीने चावून खातात, पाहुण्यापुढे ताटात मांडतात आणि लग्नाचे निमंत्रण देतानाही वाटतात. तो देश म्हणजे ब्रह्मदेश, आजचा म्यानमार.

ब्रह्मी भाषेत चहाला 'लफेत' म्हणतात. त्याचे शेवटचे व्यंजन बोलताना घशातच अडवले जाते. ओला लफेत खाण्याचा आणि सुका लफेत पिण्याचा, असा त्यांचा भेद आहे. फळांत आंबा, मांसात डुकराचे मांस आणि पानांत लफेत श्रेष्ठ, अशा अर्थाची एक म्हण त्या देशात सर्वांच्या तोंडी असते. आंब्याच्या आणि डुकराच्या मांसाच्या बाबतीत आपल्या वसईकरांचे त्यांच्याशी सहज जमेल. प्रश्न येतो तो पानाचा!

हे पान येते ते प्रामुख्याने शान राज्याच्या डोंगरांतून. तेथे नामसान नावाचे एक गाव उंच कण्यासारख्या डोंगरमाथ्यावर वसलेले आहे. त्याच्या आसपासच्या उतारांवर पलौंग लोक पिढ्यान् पिढ्या चहाची लागवड करीत आले आहेत. ते स्वतःला 'तआंग' म्हणवतात. बाराव्या शतकातील पगानचा राजा अलौंगसितू याने आपल्या पूर्वजांना चहाचे बी दिले, अशी त्यांची दंतकथा आहे. पावसाळ्यापूर्वी फुटणारी कोवळी पाने सर्वांत उत्तम मानली जातात. ती खुडून काही मिनिटे वाफवायची, चटईवर पसरून हातांनी मळायची आणि मग बांबूच्या नळ्यांत, मडक्यांत किंवा जमिनीतल्या टाक्यांत दाबून भरायची. वर जड दगड ठेवायचे, म्हणजे आत हवा राहत नाही. तीन-चार महिने, कधी त्याहूनही अधिक काळ ती तशीच मुरतात. त्या काळोखात ज्या जिवाणूंचे काम चालते, ते दह्याला आंबटपणा देणाऱ्या जिवाणूंचेच सगेसोयरे. पानाचा हिरवा रंग जाऊन शेवाळी-सोनेरी छटा येते, कडवटपणा मवाळ होतो आणि एक वेगळाच आंबूस वास सुटतो.

या खाण्यात आहारशास्त्राच्या दृष्टीनेही अर्थ आहे. चहा उकळला की पानाच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्यात उतरतो. उत्तेजक द्रव्य, तुरटपणा आणि सुगंध हे सारे त्यातच आले. उरलेला दोन तृतीयांश भाग आपण फेकून देतो. पानातील बहुतेक प्रथिने, तंतू, हरितद्रव्य आणि ई जीवनसत्त्व त्या चोथ्यातच राहते, कारण ते पाण्यात विरघळत नाही. जो पान खातो, त्याला सगळेच मिळते. अर्थात झोप उडवण्याचा चहाचा गुणही त्याला पुरेपूर मिळतो. म्हणून ब्रह्मदेशातले विद्यार्थी परीक्षेच्या दिवसांत रात्री जागण्यासाठी लफेत खातात. जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोह शरीराला कमी मिळते. तेव्हा ज्यांच्या अंगात रक्त कमी आहे, त्यांनी हा पदार्थ बेतानेच खावा.

चहा खाणारे केवळ ब्रह्मी लोकच आहेत, असेही नाही. थायलंडच्या उत्तर भागात मुरवलेल्या पानांची 'मियांग' नावाची गोळी मीठ-आल्याबरोबर चघळतात. चीनच्या युनान प्रांतातले जिनो लोक ताजी पाने कुस्करून त्यांत मिरची, लसूण आणि मीठ कालवतात. हक्का समाजाच्या घरांत चहाची पाने, तीळ आणि शेंगदाणे खलबत्त्यात एकत्र घोटून त्यावर गरम पाणी ओततात आणि ते भाताबरोबर खातात. जपानमध्ये चहाची वस्त्रगाळ पूड पाण्यात घुसळून पितात, म्हणजे नकळत अख्खे पानच पोटात जाते. आठव्या शतकात चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या लू यू या चिनी पंडिताने, चहात कांद्याची पात, आले, बोरे आणि पुदिना घालून उकळणाऱ्यांवर कोरडे ओढले आहेत. त्याच्या मते ते गटारात ओतण्याच्या लायकीचे पाणी! त्याच्या त्या रागावरून एवढे कळते की, त्या काळी पुष्कळ घरांत चहा हे एक प्रकारचे कालवणच होते.

मला मात्र लफेतची पहिली ओळख पुस्तकातून झाली नाही. ती झाली आमच्या रंगूनआजीमुळे. ही माझ्या आजोबांची धाकटी बहीण. लग्न होऊन ती १९३५ साली रंगूनला गेली. यजमान तेथे गोदीत कारकून होते. तेव्हाचे रंगून म्हणजे जवळजवळ हिंदी शहरच. १९३१ च्या शिरगणतीत तेथील निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी लोकांची होती. २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले आणि पुढच्या महिन्यात मिळेल त्या बोटीने ही दोघे कलकत्त्याला आली. मागे राहिलेल्या लाखो हिंदी लोकांवर रानावनांतून पायी येण्याची पाळी आली आणि त्यांतले हजारो वाटेतच दगावले. आजीच्या ट्रंकेत एक गोल डबी होती. बांबूच्या विणीवर काळ्या-तांबड्या रोगणाचे थर दिलेली, आत कप्पे असलेली. वसईला आल्यावर त्या डबीत सुईदोरा आणि गुंड्या राहू लागल्या. पण ती डबी खरी कशासाठी आहे, हे आजी आम्हा मुलांना पुनःपुन्हा सांगत असे.

मधल्या कप्प्यात लफेत, भोवतालच्या कप्प्यांत त्याचे सोबती. तळलेला लसूण, भाजलेले तीळ, शेंगदाणे, तळलेले वाल आणि सुक्या कोळंबीचे सोडे. वर तिळाचे तेल आणि लिंबाचा रस. ज्याने त्याने बोटांनी चिमूटभर हे, चिमूटभर ते घ्यायचे आणि एकत्र तोंडात टाकायचे. "बघा," आजी म्हणे, "पान सोडले तर यातले सगळे आपल्या स्वयंपाकघरात आहे. वाल आहेत, सोडे आहेत. एका पानासाठी अडले आहे!" पानाची उणीव भरून काढायला ती कधीमधी मुंबईहून मोठ्या पानाचा चहा मागवी, तो भिजवून, पिळून, मीठ-लिंबू लावून बरणीत दाबून ठेवी. दुकानात मिळणारी दाणेदार चहापूड या कामी निरुपयोगी होती. १९३० च्या सुमारास आसामात पाने चुरडून, फाडून, गोळी करणारे यंत्र निघाले आणि आपला चहा पान राहिलाच नाही. त्या दाण्याला उकळता येते. चावता येत नाही.

लफेतची जी गोष्ट आजी सर्वांत गंभीरपणे सांगे, ती न्यायाची होती. ब्रह्मी राजांच्या काळात दोन पक्षांचा तंटा पंचांपुढे किंवा न्यायाधीशापुढे येई. दोघांचे म्हणणे ऐकून निवाडा दिला जाई. मग दोन्ही पक्षांपुढे लफेत ठेवीत. दोघांनी ते खाल्ले, म्हणजे निवाडा दोघांना मान्य झाला. त्यानंतर तक्रार नाही, दुसरे दार ठोठावणे नाही. सही नव्हे, अंगठा नव्हे. चावून गिळलेले एक पान हाच त्या कराराचा पुरावा. ब्रिटिश अमलातही ही चाल एकाएकी नाहीशी झाली नाही. ज्या राजघराण्याच्या काळात हा न्याय चालत आला, त्यातला शेवटचा राजा थिबा. १८८५ साली इंग्रजांनी त्याला पदच्युत केले आणि पुढच्याच वर्षी आपल्या रत्नागिरीला आणून ठेवले. तीस वर्षे कोकणात काढून १९१६ साली तो तेथेच वारला. थिबा राजवाडा पाहायला गेलेल्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल की, या राजाच्या मुलखात चहाचे पान हे न्यायासनाचे शेवटचे अक्षर होते?

१९६८ च्या मे महिन्यात आमच्याच घरात या पानाची परीक्षा झाली. माझे वडील आणि थोरले काका यांच्यात वाडीच्या बांधावरून आणि बावखलाच्या पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षे अबोला होता. एका घराच्या दोन चुली झाल्या होत्या. मामलेदाराकडे अर्ज गेले होते आणि आता वकील गाठण्याची भाषा चालू होती. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर रंगूनआजीने दोघांना आपल्या ओटीवर बोलावून घेतले. आत्याचा शब्द मोडण्याची दोघांची प्राज्ञा नव्हती. तिने सुईदोरा काढून ठेवून डबी घासूनपुसून स्वच्छ केली होती. मधल्या कप्प्यात तिचे ते बरणीतले पान आणि भोवती वाल, तीळ, लसूण, सोडे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो.

आजीने आपला निवाडा सांगितला. बांध आहे तेथेच राहावा, पाणी एक दिवसाआड घ्यावे. मग डबी दोघांच्या मध्ये सरकवीत ती म्हणाली, "आता खा. खाल्ले की संपले. मग मामलेदार नाही आणि वकील नाही."

काकांनी चिमूटभर पान उचलले आणि हातातच धरून ते वडिलांकडे पाहू लागले. वडील बराच वेळ डबीकडे बघत राहिले. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "आत्या, प्यायचा चहा देशील तर आत्ता घेतो. हे खाऊन मला खोटे बोलता येणार नाही."

काकांनी हातातली चिमूट परत कप्प्यात ठेवली. आजी काही बोलली नाही. तिने आत जाऊन खरोखरच चहा ठेवला. दोघा भावांनी तो शेजारी बसून, एकमेकांकडे न पाहता घेतला आणि आपापल्या चुलीकडे गेले. दावा चौदा वर्षे चालला. काका १९७९ साली वारले. १९८२ साली वकिलांनी जी तडजोड करून दिली, ती आजीच्या निवाड्याहून फारशी वेगळी नव्हती. तोवर वाडीतली केळी आणि पानवेली गेल्या होत्या. पुढे बावखल बुजले, आणि बांध ज्या ठिकाणी होता, तेथे आता इमारतींचे वाहनतळ आहे.

वडिलांच्या त्या वाक्याचा मला अनेक वर्षे राग होता. एक चिमूट खाल्ली असती तर काय बिघडले असते, असे वाटे. वय वाढले तसे कळू लागले की, आजीच्या रिवाजाचा मान त्या दिवशी ओटीवर सर्वांत अधिक त्यांनीच राखला. चहा पिण्याने आपण कशालाही बांधले जात नाही. ज्याच्याशी वैर आहे त्याच्याही घरी आपण चहा घेतो, हसतो, हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि मनातले मनात ठेवून परततो. कप खाली ठेवला की नाते जेथे होते तेथेच असते. खाणे तसे नाही. जे खातो ते आपले होते. त्याला होकार द्यावा लागतो. दर रविवारी वेदीपुढे रांगेत उभे राहून 'आमेन' म्हणणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. वडिलांनी तो होकार खोटेपणाने दिला नाही. त्यांचा हट्ट चुकीचा असेल, पण नकार प्रामाणिक होता.

तरीही मनातले एक कुसळ निघाले नव्हते. ते निघाले २०१८ च्या फेब्रुवारीत, यांगूनमध्ये. निवृत्तीनंतर पत्नीसह मी आजीचे रंगून पाहायला गेलो होतो. लाल विटांच्या सेंट मेरीज कॅथीड्रलमध्ये रविवारच्या मिस्सेनंतर एका वृद्ध बाईंशी ओळख झाली. त्यांचे आजोबा तमिळ, आजी ब्रह्मी. दुपारी त्यांनी आम्हांला घरी नेले आणि पुढ्यात तशीच काळी-तांबडी डबी आली. खरे लफेत मी त्या दिवशी प्रथम खाल्ले. आधी आंबट, मग कडू, मग लसणाचा आणि तिळाचा खमंगपणा, आणि घास गिळल्यावर जिभेवर किंचित गोडवा. आजीच्या बरणीतले पान याच्या जवळपासही नव्हते, हे तिच्या आत्म्याची क्षमा मागून सांगतो.

मी त्या बाईंना ओटीवरची हकीगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुमच्या आजींनी डबी पुन्हा कधी मांडली?"

मी म्हणालो, "पुन्हा नाही मांडली."

"का?" त्यांना खरेच नवल वाटले. "माझे आजोबा सांगत, एखाद्याने लफेत खाल्ले नाही तर त्यावर कोणी रागावत नसे. त्याचा अर्थ एवढाच की, बोलणे अजून संपलेले नाही. मग पुन्हा बसायचे."

म्हणजे नकार हा त्या रिवाजाचा शेवट नव्हता. तोही रिवाजाचाच एक भाग होता! आमच्या ओटीवर समेट मोडला, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो. प्रत्यक्षात तेथे पहिली बैठक तेवढी झाली होती. दुसरी कोणी बोलावलीच नाही. आजी दुखावली होती, काका अपमानित झाले होते, वडील आपल्या खरेपणाला धरून बसले होते. आणि चौदा वर्षे निघून गेली. आपल्या धर्मग्रामांतही बांधावरून, वाटणीवरून, वाटेच्या हक्कावरून असे किती तरी अबोले पिढ्यान् पिढ्या चालत आले असतील. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी एकदा समेटाचा प्रयत्न झालेला असतो. 'आम्ही एकदा बोललो होतो, त्यांनी ऐकले नाही,' हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या कानावरून गेले आहे.

येताना मी लफेतची दोन पाकिटे आणली. एक घरात संपले. दुसरे घेऊन मी थोरल्या काकांच्या मुलाकडे गेलो. आमच्यात भांडण नव्हते. पण सणासुदीला शुभेच्छा द्याव्यात, यापलीकडे जाणे-येणेही नव्हते. रंगूनआजीची ती डबी १९८६ साली तिच्यामागे त्याच्याच घरी गेली होती. त्याने ती माळ्यावरून काढली. वाल तळले गेले, तीळ भाजले गेले. वाटून घ्यायला आता जमीनही नव्हती आणि पाणीही नव्हते. निवाडा करायला कोणी आत्याही नव्हती. आम्ही दोघांनी चमचा-चमचा खाल्ले. कडवटपणाने त्याचे तोंड वाकडे झाले, पण त्याने ते गिळले आणि पुन्हा हात पुढे केला.

मात्र या पानाच्या मायदेशाचे अलीकडचे वर्तमान सुखाचे नाही. २००९ साली तेथील आरोग्य खात्याला बाजारातल्या चाळिसांहून अधिक ब्रँडांच्या लफेतमध्ये कपड्यांना लावण्याचा घातक पिवळा रंग सापडला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि देश यादवीत लोटला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शान राज्यात मोठी लढाई पेटली आणि त्याच डिसेंबरात नामसान हे चहाचे गाव तआंग बंडखोरांनी लष्कराकडून जिंकून घेतले. ज्या उतारांवर समेटाचे पान पिकते, त्याच उतारांवर तोफा धडाडल्या आणि चहा खुडणाऱ्या कुटुंबांना घरेदारे सोडावी लागली.

त्या देशात कोणाचा निवाडा कोण मान्य करील, हे सांगणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु त्यांच्या पूर्वजांनी एक गोष्ट रिवाजातच बांधून ठेवली होती: समोरच्याने पान खाल्ले नाही, तर डबी झाकून ठेवावी, फोडू नये, आणि बोलणे पुन्हा सुरू करावे. या पानाला मुरायला तीन-चार महिने लागतात. माणसांना त्याहून अधिक काळ लागला, तर त्यात नवल ते काय?